औषधाआधीची वही

उधना स्थानकावरून जळगावच्या दिशेने गाडी निघाली की थोड्याच वेळात लोहमार्गालगत जी दाट वस्ती दिसू लागते, तिच्यातच आमचे नवागाम. तापी खोऱ्यातील याच लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचे, शिंदखेडे, अमळनेर या भागांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेस येत राहिली, यंत्रमागांच्या खात्यांत नि कापडबाजारात रुजली. आज येथील कित्येक गल्ल्यांत संध्याकाळी कान दिला, तर गुजरातीपेक्षा अहिराणीच अधिक ऐकू येते. अशा वस्तीत सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाकडे लोक केवळ मुलांच्या दाखल्यासाठी येत नाहीत. विजेच्या बिलापासून मुलीच्या स्थळापर्यंत सर्व प्रश्न आमच्या ओसरीवर येतात, आणि कालांतराने आमच्याही मनात असा समज घर करतो की आपल्याला सारे काही कळते. हा समज दुसऱ्याला किती महाग पडू शकतो, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखप्रपंच. ज्यांची ही हकीकत आहे त्यांच्या संमतीने ती लिहीत आहोत. नाव मात्र गाळले आहे. गल्लीत त्यांना सर्वजण अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

अण्णा लूमच्या खात्यात मास्तर. तीस वर्षे मागांच्या खडखडाटात उभे राहिलेला माणूस. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत वहिनी गेल्या आणि अण्णांच्या घरातला आवाजच बंद झाला. प्रारंभी आम्ही त्यास दुःख म्हटले, आणि ते दुःखच होते. परंतु वर्ष लोटले तरी अण्णांची झोप पहाटे तीनला मोडे, अन्न गोड लागेना, नातू मांडीवर येऊन बसला तरी हात त्याच्या पाठीवर फिरेना. "करमत नाही, गुरुजी," एवढेच ते म्हणत. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांचा गुण आला नाही. पुढे दुसऱ्यांनी दुसऱ्या दिल्या, त्यांनीही फारसा फरक पडला नाही.

२०२५ च्या जानेवारीत एका संध्याकाळी अण्णा भ्रमणध्वनी हातात घेऊन ओसरीवर आले. त्यांचा पुतण्या मेलबर्नला असतो. त्याने काकांसाठी एक मजकूर पाठविला होता: ऑस्ट्रेलियात औषधांना न जुमानणाऱ्या उदासीनतेवर आता एका विशिष्ट अळंबीतील द्रव्याने उपचार करण्याची मुभा आहे. अण्णांच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी काहीतरी हलले. "गुरुजी, हाई दवा आठे भेटी का?" त्यांनी विचारले. त्या पाठोपाठ त्यांनी दुसरा एक संदेश दाखविला आणि आमच्या पोटात धस्स झाले. कोणा अनोळखी विक्रेत्याने 'परदेशी अळंबीच्या कॅप्सूल' कुरियरने घरपोच देण्याची तयारी दर्शविली होती. पैसे तेवढे आधी पाठवायचे होते.

आम्ही अण्णांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. तोवर पैसे पाठवायचे नाहीत, असे वचन घेतले आणि विषयाचा अभ्यास आरंभिला. जे हाती लागले ते वाचकांपुढे थोडक्यात ठेवतो. ही माहिती आज ना उद्या परदेशस्थ मुलाबाळांकडून आपल्याही घरी पोहोचणार आहे.

या वर्गातील द्रव्यांना 'सायकेडेलिक' म्हणतात. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने मन आणि प्रकट करणे अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून हा शब्द घडविला. मराठीत त्यास 'मनप्रकटक' म्हणावयास हरकत नसावी. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एल.एस.डी. हे द्रव्य तयार केले. १९४३ साली त्याचा मनावरील परिणाम त्यांना स्वतःच्याच अनुभवातून कळला. मेक्सिकोतील माझातेक लोक ज्या अळंबी धार्मिक विधींत सेवन करीत, त्यांतील 'सायलोसायबिन' हे द्रव्यही त्यांनीच १९५८ साली वेगळे केले. पुढे या पदार्थांचा स्वैर वापर वाढला, १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर कडक निर्बंध आले आणि संशोधन दीर्घकाळ थंडावले. गेल्या दोन-अडीच दशकांत ते पुन्हा सुरू झाले आहे.

निष्कर्ष आशादायक आहेत, परंतु चमत्काराचे नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दोन किंवा अधिक औषधांनी गुण न आलेल्या २३३ रुग्णांना सायलोसायबिनची एकच मात्रा देण्यात आली. पंचवीस मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांना तीन आठवड्यांनी ठळक उतार दिसला. बारा आठवड्यांपर्यंत तो टिकला सुमारे २० टक्क्यांत. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे त्रास झाले, आणि काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येण्याचे प्रकारही नोंदले गेले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून या द्रव्याची, तसेच तीव्र मानसिक आघातानंतरच्या विकारासाठी एम.डी.एम.ए.ची मुभा दिली. ती केवळ खास अधिकार मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञांनाच आहे, आणि खर्च हजारो डॉलरांच्या घरात जातो. उलट अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये एम.डी.एम.ए.च्या उपचारास मान्यता नाकारली व आणखी पुरावा मागितला. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये सायलोसायबिन बाळगणे हाच गुन्हा आहे. तेव्हा कुरियरने येणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते द्रव्य असेल तर अण्णा आरोपी, आणि नसेल तर दुसरे काय असेल ते देव जाणे!

परंतु या अभ्यासात आम्हांस सर्वाधिक विचार करावयास लावले ते औषधाने नव्हे, औषधाआधीच्या तयारीने. जेथे हा उपचार रीतसर होतो, तेथे रुग्ण आला, औषध घेतले आणि घरी गेला, असे होत नाही. आधी त्याची कसून छाननी होते. मग काही बैठका नुसत्या बोलण्याच्या होतात: काय होऊ शकेल, भीती वाटली तर काय करायचे, आपण कशासाठी आलो आहोत. औषधाच्या दिवशी शांत खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून, संगीताच्या सोबतीने रुग्ण सहा ते आठ तास पडून असतो आणि प्रशिक्षित माणसे त्याच्यापासून हलत नाहीत. त्यानंतर पुन्हा बैठका, त्या दिवशी जे दिसले-जाणवले त्याचा रोजच्या जगण्याशी मेळ घालण्यासाठी. आपल्याकडे कोणतेही अनुष्ठान संकल्पावाचून आरंभीत नाहीत. तेथील डॉक्टरही मनाची सिद्धता आणि भोवतालची सिद्धता यांवाचून औषधास हात घालीत नाहीत, हे वाचून आम्हांस त्या परक्या उपचाराविषयी प्रथमच आपलेपणा वाटला.

नवव्या दिवशी आम्ही अण्णांना सांगितले, "ते औषध येथे मिळणार नाही. परंतु ते मिळावे म्हणून रुग्णाला जी तयारी करावी लागते, ती आपण येथे बसून करू शकतो. ती घेऊन डॉक्टरांकडे जाऊ." शाळेच्या कपाटातली शंभर पानी वही काढली आणि चार संध्याकाळी आम्ही दोघे ती भरीत बसलो.

पहिले पान औषधांचे. आजवर कोणती गोळी, किती मात्रेने, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घेतली. चिठ्ठ्या नि रिकामी पाकिटे अण्णांनी एका पिशवीत जपून ठेवली होती, ती उपयोगी पडली. यात आयुर्वेदिक चूर्णे, झोपेच्या गोळ्या, दुकानदाराने परस्पर दिलेले काहीही वगळायचे नाही. काही औषधांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, आणि चालू गोळी नव्या उपचाराच्या आशेने आपल्या मनाने बंद करणे हे तर फारच धोक्याचे.

दुसरे पान शरीराचे. रक्तदाब, साखर, हृदयाचा काही त्रास, थायरॉइडची तपासणी झाली आहे काय. थायरॉइड ग्रंथी मंदावली किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, तरी माणूस उदास आणि थकलेला दिसू शकतो. याच पानावर दारूचा प्रश्न आला. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे येथला माणूस डॉक्टरपुढेही "नाही" असेच म्हणतो, जणू डॉक्टर म्हणजे फौजदार! अण्णा प्रथम नाही म्हणाले. मग थोडे हसून म्हणाले, "गावाकडे जाताना नवापूर लागते ना, गुरुजी." ज्या स्थानकाच्या फलाटावरूनच दोन राज्यांची सीमा जाते, त्या नवापूरचा उल्लेख पुरेसा होता. आम्ही लिहून घेतले.

तिसरे पान घराण्याचे, आणि येथे लेखणी अडली. ज्यांच्या रक्ताच्या नात्यात भ्रम होण्याचा, आवाज ऐकू येण्याचा किंवा मन टोकाच्या उन्मादात जाण्याचा आजार आहे, त्यांना ही मनप्रकटक द्रव्ये सहसा देत नाहीत. त्यांच्यात तसाच आजार उफाळून येण्याची भीती असते. आम्ही विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, आमच्या घराण्यात तसे कोणी नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ते स्वतःहून म्हणाले की त्यांचे थोरले चुलते बुवा होऊन घर सोडून गेले, असे आजवर सर्वांना सांगितले जाते. वास्तविक ते बुवा झालेच नव्हते. रात्री-अपरात्री कोणाशी तरी भांडत, लोक आपल्या अन्नात विष कालवतात म्हणून उपाशी राहत, आणि एके दिवशी निघून गेले. घरातल्या मुलींची लग्ने व्हायची होती, म्हणून त्यांचा बुवा करण्यात आला. पन्नास वर्षांपूर्वीची ती झाकलेली गोष्ट तिसऱ्या पानावर चार ओळींत उतरली. लिहिता लिहिता आम्हांस कुरियरची ती कॅप्सूल आठवली आणि हात थरथरला.

चौथे पान अण्णांचे स्वतःचे: बरे वाटले म्हणजे नक्की काय होईल? अण्णांनी बराच वेळ घेतला. मग सांगितले, "नातवाला घेऊन एकदा गाडीने गावाला जायचे. आणि वाटेत झोप लागली पाहिजे." एवढेच.

पाचव्या पानावर सोबतीचे नाव. असा कोणताही उपचार घेताना आणि नंतर काही काळ रुग्णाने एकटे असता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो मे २०१८ पासून अमलात आला, रुग्णास आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा, आपल्यावर कोणता उपचार व्हावा वा होऊ नये हे आगाऊ लिहून ठेवण्याचा, उपचाराची माहिती नि आपली कागदपत्रे मागण्याचा हक्क दिला आहे. अण्णांनी आपल्या मुलाचे नाव घातले, आणि त्याखाली आमचे.

फेब्रुवारीत ती वही घेऊन आम्ही सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात गेलो. सुरतेत मजुरा गेटजवळचे नवे सिव्हिल आणि उमरवाड्याचे स्मिमेर, दोन्हीकडे असा विभाग आहे, हे आपल्या पुष्कळ लोकांना ठाऊकच नसते. डॉक्टर तरुण होत्या, गुजरातीभाषिक होत्या. अण्णांचा शब्द त्यांना कसा सांगावा असा प्रश्न आम्हांस पडला, इतक्यात अण्णाच म्हणाले, "बेन, करमत नाही." त्या चटकन म्हणाल्या, "गमतुं नथी, ने?" दोन भाषांत इतके सख्य असेल, असे एम. ए.च्या अभ्यासातही कधी जाणवले नव्हते.

त्यांनी अण्णांना सरळ विचारले, "जीव द्यावा असे कधी मनात येते का?" आम्ही दचकलो. असे विचारल्याने नको तो विचार मनात येईल, अशी आपली समजूत. परंतु विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलावयास वाट मिळते, हे आम्ही समोर पाहिले. अण्णा रडले. वहिनींच्या नंतर प्रथमच.

मग त्यांनी वही वाचली. अळंबीच्या उपचाराविषयी अण्णांनी विचारले तेव्हा त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. तिसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, हे लिहिले आहे, तेव्हा मेलबर्नलाही बहुधा तुम्हांला नाहीच म्हणतील, आणि योग्यच करतील. आपल्या देशात आज कायदेशीर नि त्या जातीच्या सर्वांत जवळचे औषध म्हणजे केटामीन. ते मूळचे भुलीचे. थोड्या मात्रेत शिरेवाटे सुमारे चाळीस मिनिटांत दिले, तर हट्टी उदासीनता काही तासांत वा दिवसांत उतरू शकते, परंतु तो परिणाम बहुधा थोडेच दिवस टिकतो. त्याने रक्तदाब वाढतो, शरीरापासून तुटल्यासारखे वाटते. म्हणून ते इस्पितळातच, देखरेखीखाली घ्यायचे, आधी उपाशी राहायचे, आणि त्या दिवशी वाहन चालवायचे नाही. त्यासही घराण्याचा इतिहास पाहावा लागतो. आणि मुख्य म्हणजे ते हट्टी उदासीनतेसाठी आहे. दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही गुण आला नाही, तरच तिला हट्टी म्हणायचे.

असे म्हणून त्यांनी पहिले पान उघडले. "दुसरे औषध तुम्ही दोन महिने नीट घेतले. पण हे पहिले फक्त बावीस दिवस? या गोळ्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. का थांबविल्या?"

अण्णा खाली पाहू लागले. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्यानेच आम्हांस आठवले. २०२२ च्या पावसाळ्यात याच अण्णांनी आमच्या ओसरीवर विचारले होते, "गुरुजी, फरक नाही. घेत राहू का?" आणि आम्ही, गल्लीचे शहाणे, म्हणालो होतो, "अण्णा, या गोळ्यांची सवय लागते. तीन आठवड्यांत गुण नाही, तर पोटात कशाला घालता? मन खंबीर ठेवा." तो सल्ला आम्ही विसरूनही गेलो होतो. अण्णांनी मात्र तो पाळला होता. बावीस दिवस हा आकडा आमच्याच अक्षरात लिहिलेला होता, आणि लिहितानाही आम्हांस तो ओळखू आला नव्हता.

आम्ही डॉक्टरांना सत्य सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "पुष्कळ घरांत असेच होते. उदासीनतेच्या या गोळ्या नशेसारख्या सवय लावीत नाहीत, पण एकदम बंदही करायच्या नसतात. आता पुन्हा नीट सुरू करू." तेच पहिले औषध, हळूहळू वाढवीत, आणि दर पंधरवड्यास बोलण्याची बैठक. थायरॉइडची तपासणी झाली, रक्तात बी-१२ कमी निघाले, त्याचेही उपचार झाले. केटामीनची वेळ आली नाही.

आज या गोष्टीला वर्ष होत आले. अण्णा पूर्ण बरे झाले, असे लिहिण्याचा मोह होतो, परंतु ते खरे नाही. काही पहाटे अजून जड जातात. मात्र ते खात्यावर नियमित जातात, जेवताना चवीबद्दल तक्रार करतात, आणि दिवाळीच्या सुटीत नातवाला घेऊन गावी जाऊन आले. झोप लागली का, असे आम्ही विचारले. "नवापूरपर्यंत," ते म्हणाले. मेलबर्नच्या पुतण्याला त्यांनी कळविले आहे की तुझा संदेश आला म्हणूनच आम्ही वही काढली.

ही मनप्रकटक औषधे उद्या आपल्या देशात आली, तर आम्ही त्यांचे स्वागतच करू. जे खरोखर अडकले आहेत त्यांच्यासाठी ती एक वाट ठरू शकेल. परंतु त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी जी पाच पाने भरावी लागतील, ती कोणत्याही घरात आजच भरता येतात, आणि कदाचित त्यांतच आजाराचे अर्धे उत्तर सापडेल. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांना तर हे विशेष लागू आहे. परक्या भाषेच्या गावात आपण दुखणे आपल्याच गल्लीत सांगतो आणि सल्लाही गल्लीतच घेतो. इस्पितळ दूर वाटत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र चालू आहे. ती मराठीत बोलते, गुजरातीतही बोलते.

आमच्या ओसरीवर प्रश्न अजून येतात. परवाच एक बाई सुनेबद्दल सांगत होत्या: बाळंतपणानंतर तिला काही सुचत नाही, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, घेऊ द्याव्या का? उत्तर जिभेवर आले होते. आम्ही ते गिळले आणि विचारले, "डॉक्टरांनी पुन्हा कधी बोलाविले आहे? सोबत कोण जाणार?" मग कपाटातून एक कोरी वही काढून त्यांच्या हाती दिली.